डावा सेलमला

दोन स्पीकर. दोन्ही निळे, दोन्ही नारळाएवढे.
एकाच्या बुडाला हर्षदानं नेलपॉलिशनं ‘डा’ काढला,
दुसऱ्याच्या ‘उ’.
नाहीतर पुसताना अदलाबदल व्हायची
आणि ढोलकी वाजायची फ्रिजकडून.

यात्रेला आले तेव्हा यांनी आणले, सेलमहून,
गलाईच्या दुकानासमोरच्या गाड्यावर मिळाले म्हणे,
एक घेतला तर नऊशे, दोन घेतले तर सोळाशे.
घरी आल्यावर कळलं
की नुसते शेजारी ठेवून भागत नाही.
जोडावे लागतात.

आई, तू हा धर. पप्पा, तुम्ही तो.
बटण दाबायचं, टुंग होईपर्यंत सोडायचं नाही.
आम्ही दोघं पलंगावर समोरासमोर,
मध्ये अंतरपाट धरल्यासारखी उशी,
अंगठे दाबून, श्वास रोखून.
यांच्या अंगठ्यावर रेघच उरलेली नाही,
वीस वर्षं तेजाबात चांदी धुतलेला हात,
रेशनचं मशीन ओळखत नाही.
पहिल्यांदा तोच अंगठा लवकर सुटला.
दुसऱ्यांदा माझा, कारण कुकरची शिट्टी.
तिसऱ्यांदा टुंग.

मग पोरीनं मला मधोमध बसवलं.
मधली जागा एकाच माणसापुरती असते,
एक वीत सरकलं की बिघडतं.
डावीकडं ढोलकी. उजवीकडं पेटी.
आणि गाणारी बाई कुठल्याच डब्यात नाही,
ती माझ्या नाकासमोर, कॅलेंडरपाशी,
जिथं कोणीच उभं नव्हतं.
मी उठून हात फिरवून बघितला.
हे हसले. विट्यात इतकं मोठ्यानं
हे वर्षातून चारदा हसतात.

आठव्या दिवशी ट्रॅव्हल्स.
बॅगेत शेंगदाण्याची चटणी, दोन बनियन,
आणि वर एक स्पीकर. कोणता, बघितलं नाही.
‘तिकडं भट्टीवर पोरांना गाणी लागतात.
एक तुला, एक मला.’
वाटणी म्हणजे वाटणी.

त्यानंतर माझं गाणं लंगडायला लागलं.
बाई गाते, पेटी चालते,
पण पाय टाकायला खाली जमीनच नाही.
थापट्या मारल्या. उन्हात ठेवला.
शेवटी स्टँडजवळच्या मोबाइलवाल्याकडं नेला.
त्यानं उलटा केला, ‘उ’ वाचला, दोन बटणं दाबली.
‘खराब न्हाई काकी,
ह्यो अजून जोडीत हाय.
आपल्या वाटणीचं तेवढंच वाजवतोय.
बटण पाच सेकंद दाबा, दुसऱ्याला विसरंल,
मग एकटाच सगळं वाजवंल.’
किती झाले विचारलं. काही नाही म्हणाला.

घरी आणून ठेवला ओट्यावर.
पाच सेकंद म्हणजे काहीच नाही,
भाकरी उलटायलासुद्धा जास्त लागतात.

रात्री फोन.
‘अगं, त्यो स्पीकर बिघडला वाटतं.
नुसती ढोलकी ऐकू येतीय. बाई गाती,
पण पेटी कुठं गेली कळंना.’
‘हितं हाय,’ म्हटलं. ‘ओट्यावर.’
‘मग काय करायचं?’
त्यांच्या मागं भट्टीचा पंखा घरघरत होता,
कोणीतरी तमिळमध्ये काहीतरी मोजत होतं.
‘कशाला हात लावू नका,’ मी म्हटलं.
‘पोरांना सांगा, पेटी दिवाळीला येईल.’

फोन ठेवला. परत गाणं लावलं.
पीठ मळायला घेतलं तेव्हा
परात आपोआप वाजायला लागली,
डाव्या हातानं.
मला ताल कधी जमला नाही,
हर्षदा आतून ओरडली, आई, चुकतंय.
चुकू दे, म्हटलं.